साठ दिवसांचं कुलूप

मला वाट पाहता येत नाही. बस यायला वेळ असला की मी पुढच्या थांब्याकडं पायी निघते आणि मधल्या रस्त्यात बस माझ्या शेजारून निघून जाते. खिचडी शिजली का हे पाहायला चारदा झाकण काढते, मग ती कच्ची राहते आणि मी भांड्यावर चिडते. अशा बाईला एका उन्हाळ्यात साठ दिवस हात बांधून बसावं लागलं, आणि बसवणारी दुसरी-तिसरी कोणी नव्हती, मीच होते.

आमचं गाव चांदूर रेल्वेपासून बसनं अर्ध्या तासावर. आई लवकर गेली. घरात बाबा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा दादा आणि मी. दादा अकोल्याला एका चाचांच्या दुकानात कॉम्प्युटर शिकला आणि त्याचं बघून मी शिकले. मी अमरावतीच्या एका डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं जुळवायची नोकरी धरली. दादानं डोक्यात घेतलं की कापूस, तूर, सोयाबीनचे रोजचे बाजारभाव इंटरनेटवर टाकायचे. लोक हसले. गावात वीजच आठ तास नसायची, तिथं इंटरनेट कोण पाहणार? पण तालुक्याचे कॅफेवाले आणि कृषी केंद्रवाले आमचं पान छापून दुकानाच्या काचेवर चिकटवायला लागले आणि हसणारे लोक काचेला नाक लावून वाचायला लागले. दुपारी मी अमरावती आणि अकोल्याच्या बाजार समित्यांत फोन लावायचे, भाव लिहून घ्यायचे, दादा ते चढवायचा.

साइटचं नाव दादानं चाचांकडून घेतलं. चाचा एका मोठ्या कंपनीच्या वतीनं अशी नावं नोंदवून द्यायचे. फॉर्ममध्ये मालकाचं नाव विचारलं तेव्हा दादानं बाबांचं टाकलं.

"बाबाले ईमेल म्हंजे काय ते तरी मालूम हाय का?" मी म्हटलं.

"मालूम नसंन. पन उद्या म्हनतीन, मले इचारलं काहून नाई?"

त्यात नवल नव्हतं. सातबारा बाबांचा, विजेचं मीटर बाबांचं, गॅस, फोन, सगळं बाबांच्या नावावर. घरात काही नवीन आलं की ते आधी मोठ्या माणसाच्या नावावर चढतं, ही आमच्याकडची रीतच. संपर्काचा ईमेल मात्र माझा होता, त्याच साइटच्या नावाचा.

मग एक भांडण झालं. दादाचं म्हणणं, वावर मक्त्यानं देऊन टाकू आणि अमरावतीत खोली घेऊन तिघं राहू. बाबांना वावर दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे आईला पुन्हा एकदा पोचवून येण्यासारखं वाटलं. दोघंही माझ्यासारखेच तापट. शेवटी बाबा बोलून गेले, "जा. मेला तरी कळवू नोको." दादानं पिशवी उचलली. मी बसथांब्यापर्यंत त्याच्या मागं धावले. तो म्हणाला, "माह्याशी बोलाचं असंन तर साईट चालू ठेव." नंबर दिला नाही, गाव सांगितलं नाही. महिन्याभरानं एक मेल आली, कुठल्याशा कॅफेतून पाठवलेली. तीत एकच शब्द होता: पोचलो. मी उत्तरं लिहिली, एकालाही जबाब आला नाही. पुढं तो पत्ताच बंद पडला आणि माझी पत्रं परत यायला लागली.

म्हणजे त्याचा पत्ता माझ्याकडं नव्हता. माझा त्याच्याकडं होता. साइट आणि तिच्या नावाचा माझा ईमेल, एवढंच आमच्यात उरलं होतं.

ती वर्षं कशी होती हे बाहेरच्याला सांगणं अवघड आहे. कर्जानं गांजलेल्या घरातला पुरुष जेवायच्या वेळेला आला नाही की बाया आधी विहिरीकडं पळायच्या, मग वावराकडं. फोनची घंटी वाजली की कोणी पटकन उचलायचं नाही. सव्वा वर्ष मी दादाबद्दल कोणाला काही विचारलं नाही, कारण उत्तराचीच भीती होती. बाबा तर त्याचं नावही घेत नव्हते. फक्त भाकरी तीन माणसांची झाली तर कमी कर असं म्हणत नव्हते.

मी एक केलं. रोजच्या भावांच्या खाली "सूचना" म्हणून एक ओळ टाकायला सुरुवात केली. बोअरला पाणी आहे. बाबांचा खोकला बरा आहे. निंबाखालची खाट मोडली. लोकांना वाटलं मला वेड लागलं. रिद्धपूरच्या एका कृषी केंद्रवाल्यानं फोन करून विचारलं, "ताई, ह्या खाटीचा तुरीच्या भावाशी काय संबंध?" मी म्हटलं, "हाय. तुमाले नाई समजनार." आणि फोन ठेवला. मला त्याचा राग आला होता, बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

होळी झाल्यावर एका सकाळी चाचांचा फोन आला. त्यांची नजर अधू झाली होती. दुकान बंद करून ते लेकीकडं पातूरला राहायला जाणार होते. "बेटा, माह्या खात्यातले सारे नाव मी खाली करून राहिलो. तुमचं नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेऊन घे. महिनाभर हाय तुह्याजवळ. मंग माहं खातं बंद, आन नावाची मुदत बी त्याच्याच आसपास सरते."

मी ताबडतोब अकोल्याची बस धरली. बसमध्ये सारखी खिडकीची काच वर-खाली करत होते, शेवटी शेजारच्या बाईनं माझा हात धरून खाली ठेवला. चाचांच्या दुकानात निम्मं सामान खोक्यांत गेलं होतं. त्यांनी चहा मागवला आणि मला पहिल्यांदा हा सगळा कारभार नीट समजावून सांगितला. नाव ज्याच्याकडं नोंदलेलं असतं तो रजिस्ट्रार. साइटची पानं ठेवलेली असतात ती जागा वेगळी. आणि या नावाचं घर कुठं आहे, असं कोणी विचारलं की वाट दाखवतो तो नेमसर्व्हर.

"फाट्यावरचा पानठेलेवाला समज," चाचा म्हणाले. "गाव तेच, घर तेच, पन त्याले इचारल्याबिगर पावना पोचत नाई."

नेणं सोपं होतं. त्यांनी कुलूप काढायचं, एक गुप्त कोड द्यायचा, तो मी नव्या ठिकाणी टाकायचा, माझ्या ईमेलवर विचारणा येईल तिला हो म्हणायचं. आठवड्याचं काम. चाचांनी कोड लिहून दिला, खात्याचा पासवर्डही दिला, मी खुशीत घरी आले.

जेवताना बाबांना सांगितलं. त्यांना समजावं म्हणून म्हटलं, रजिस्ट्रार म्हणजे तलाठी समजा, आपलं नाव एका तलाठ्याकडून दुसऱ्याकडं न्यायचं आहे.

बाबांचा घास थांबला. "नाव कोनाच्या नावावर हाय?"

"तुमच्या."

"मंग तू कशी नेशीन? पहिले फेरफार कर. तुह्या नावावर चढव, मंग ने. फेरफार नसला का पुढे लफडे होते."

किती बरोबर बोलले! आमच्या तिन्ही पिढ्यांनी हेच पाहिलेलं. आधी फेरफार, मग बाकीचे व्यवहार. ज्यांनी उलटं केलं त्यांच्या नातवंडांनी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या. दुसऱ्या दिवशी दुकानात गेल्या गेल्या मी चाचांचं खातं उघडलं, मालकाच्या जागी बाबांचं नाव खोडलं, माझं घातलं. खाली इंग्रजीत चार ओळी आणि एक चौकोन होता. वाचत बसायला वेळ कोणाला? चौकोनात टिचकी मारली. मग मोठ्या ऐटीत कोड घेऊन नव्या कंपनीकडं गेले.

उत्तर आलं: मालकाचं नाव नुकतंच बदललं असल्यामुळे साठ दिवस हे नाव कुठंही हलवता येणार नाही.

त्या चार ओळींत हेच लिहिलं होतं. चोरानं नाव बदलून पळवू नये म्हणून केलेला नियम. मी कपाळाला हात लावला. महिना हाताशी आणि कुलूप साठ दिवसांचं. आमच्याकडं जे शहाणपण समजतात नेमकं तेच करून मी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. बाबांवर चिडले, तलाठ्यावर चिडले, आमच्या अख्ख्या वऱ्हाडावर चिडले. दुकानात त्या दिवशी एका नवरदेवाच्या बापाचं नाव मी पत्रिकेत दोनदा छापलं.

चाचांना फोन लावला आणि रडतच सगळं सांगून टाकलं.  ते म्हणाले, "नाव गेलं तं भाई कुठी पाहीन?"

मी त्यांच्याशी दादाबद्दल कधी बोलले नव्हते. पण काचेवरचं पान अकोल्यातही लागत होतं, आणि दादा त्यांचाच शिष्य. खाटेची ओळ वाचून त्यांना सगळं कळलं होतं.

"रोनं बंद कर," ते म्हणाले. "खातं मी चालू ठेवतो. साठ दिवस त साठ दिवस. पातूर कुठी पळून नाई जाऊन राह्यलं." त्यांनी नावाची मुदत वर्षानं वाढवली, दुकानाची किल्ली मालकाला देऊन टाकली, आणि एक कॉम्प्युटर घरी खाटेशेजारी मांडून अकोल्यातच थांबले. धड दिसत नसलेल्या डोळ्यांनी दोन महिने. लेक रोज फोन करून रागवायची म्हणे.

ते साठ दिवस मी कॅलेंडरवर खोडले नाहीत, कोरले. पेनाच्या टोकानं कागद फाटायचा. रोज सकाळी आधी साइट उघडते का पाहायची, मग चप्पल काढायची. दादा या दोन महिन्यांतच लिहील आणि नेमकं तेव्हाच काही बिघडेल, अशी खात्रीच वाटायची. सूचनेच्या ओळी लांबल्या. उन्हाळी भेंडीला कीड नाही. बाबांनी नवी खाट विणली. म्हैस गाभण आहे.

एकसष्टाव्या दिवशी चाचांनी कुलूप काढलं. कोड टाकला, विचारणा आली, हो म्हटलं. त्यानंतर सहाव्या दिवशी, शुक्रवारी, मेल आली की नाव नव्या रजिस्ट्रारकडं पोचलं. मी दुकानात उडी मारली. चाचांना कळवलं. ते म्हणाले, "अल्हमदुलिल्लाह. आता मी निघतो," आणि खातं बंद करून संध्याकाळच्या बसनं पातूरला गेले. मी त्या दिवशीचे भाव टाकले आणि खाली लिहिलं: म्हैस आज-उद्या व्याणार.

शनिवारी सकाळी साइट उघडेना.

दहा वेळा उघडून पाहिली. मग कारण कळलं. नाव हललं होतं, पण वाट दाखवणारा नेमसर्व्हर अजून चाचांच्या जुन्या कंपनीचाच होता. चाचांचं खातं बंद झालं तसा तोही बंद झाला. नाव जागेवर, घर जागेवर, फाट्यावरचा पानठेला मात्र उठलेला. हे आधी बदलायला हवं होतं, आणि जुना दोन दिवस चालू ठेवायला हवा होता. आम्हा दोघांनाही साठ दिवस एकाच कुलपाचा ध्यास, दुसऱ्या दाराकडं कोणी पाहिलंच नाही.

नव्या ठिकाणी नेमसर्व्हर बदलले. साइटच्या जागेचा आकडा लागत होता, तो दादानं एका जुन्या पत्रिकेच्या पाठीवर लिहून ठेवला होता. त्याचं अक्षर बघून आधी दोन मिनिटं काहीच करता आलं नाही. आकडा टाकला. स्क्रीनवर लिहून आलं, हा बदल सगळीकडे पसरायला अठ्ठेचाळीस तास लागू शकतात. कुठं आज दिसेल, कुठं परवा.

संध्याकाळच्या बसमध्ये आठवलं, मेलची ओळ टाकायची राहिली. पानांची वाट दाखवली, पत्रांची नाही. दादानं आज लिहिलं असेल तर त्याला उत्तर जाईल की असा पत्ताच नाही. मी उभी राहिले आणि कंडक्टरला म्हटलं, गाडी थांबवा. त्यानं विचारलं, "काहून बाई, काय राह्यलं?" काय सांगणार? खाली बसले. दुकान आता सोमवारी उघडणार होतं.

रविवारी सकाळी चांदूरचं कॅफे गाठलं. दारात पाय ठेवला आणि वीज गेली. मालक म्हणाला, "आता तीन वाजता येईन." मी त्याच्या काचेवर चिकटवलेलं शुक्रवारचं पान वाचत उभी राहिले. म्हैस आज-उद्या व्याणार. कोणीतरी त्याखाली पेननं लिहिलं होतं, अभिनंदन. इतका संताप आला की ते पान फाडणारच होते. तीनची वाट पाहणं माझ्यानं झालं नाही, घरी परतले.

बाबा गोठ्यात होते. म्हैस पहाटे व्याली होती. काळीशार वगार, रेडकाचे पाय अजून लटपटत होते. मी तिच्याकडं धड पाहिलंही नाही. ओट्यावर बसले, उठले, पाणी प्यायले, पुन्हा उठले. बाबा म्हणाले, "काय व, इंगळी डसली का?"

तेवढ्यात फोन वाजला. बाबा जवळ होते, त्यांनी उचलला.

"कोन?"

मग ते काही बोलले नाहीत. मी पाहिलं, त्यांनी भिंतीला हात लावला होता. त्या वर्षांत फोनवर गप्प झालेल्या माणसाचा एकच अर्थ व्हायचा. 

"मले काई नाई झालं," बाबा म्हणाले.  मग म्हणाले, "हाव. व्याली. पहाटे. वगार झाली."

मी धावले. बाबांनी हातानं मला मागं सारलं. "नंबर सांग," ते फोनमध्ये म्हणाले. "नंबर सांग म्हन्लं ना. तुह्या बहिनीले लिहू दे." आणि एकेक आकडा मोठ्यानं बोलायला लागले. मी पिशवीतून तीच पत्रिका काढून तिच्या पाठीवर, दादाच्याच अक्षराखाली, लिहून घेतला. शेवटचा आकडा त्यांनी दोनदा विचारला. मग फोन माझ्या हातात दिला आणि गोठ्यात निघून गेले.

"साईट काहून बंद हाय?" दादा ओरडला. सव्वा वर्षानं पहिला शब्द हा. "दोन दिवसापासून पाहून राहिलो! मले वाटलं बाबाले काई झालं. तू लिहिनं काहून बंद केलं?"

"तू रोज पाहत होता?"

"रोज. खाट कोनं मोडली होती?"

मला रडू आवरेना. रडत रडतच भांडले. एक ओळ लिहायला तुझे हात झडले होते का, म्हटलं. तो म्हणाला, "बाबा म्हन्ले होते कळवू नोको. मी कळवलं नाई. पाहाले तं मनाई नव्हती." मग एकदम मास्तर झाला. "आन नेमसर्व्हर बदलाच्या आधी जुने चालू ठेवाचे असते. मालूम नाई तुले?"

माझ्या हातून साइट नीट हलली असती, तर तो रोज पाहतच राहिला असता आणि मी रोज लिहीतच राहिले असते. किती वर्षं, देव जाणे. हे आठवलं की आजही मला घरात बसवत नाही, अंगणात दोन चकरा माराव्या लागतात.

सोमवारी बाबा माझ्याबरोबर अमरावतीला आले. दुकानात त्यांनी कधी पाय ठेवला नव्हता. टोपी मांडीवर ठेवून स्टुलावर बसले, मी मेलची ओळ टाकली, भाव टाकले. साइट आमच्या स्क्रीनवर उघडत होती. मी विचारलं, सूचनेत काय लिहू?

"त्याचा नंबर हाय ना आता?"

"हाय. पन रोज तो हेच पाह्यते."

बाबा म्हणाले, "लिही, वगार पाहाले ये."

मी लिहिलं. त्यांनी स्क्रीनकडं वाकून पाहिलं. "दिसलं असंन का त्याले?"

मी सांगितलं, कुठं आज दिसतं, कुठं उद्या, पसरायला वेळ लागतो. आता वाट पाहायची.

बाबा बसले. मी एका पत्रिकेचं काम घेतलं. दहा मिनिटं झाली नसतील, त्यांनी माझ्या खुर्चीला हात लावला.

"पाह्य व एकदा. पसरलं का?"